शर्ट बोलतो, माणूस गप्प : प्रशांत बेटांवरचे छापील टी-शर्ट

सागरवेडी

प्रशांत महासागरातल्या बेटांचा टी-शर्ट म्हटलं की नारळाचं झाड, मावळता सूर्य आणि खाली बेटाचं नाव, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. तो माल पर्यटकांसाठी असतो. मला लिहायचंय ते सामोअन, टोंगन, नीउएच्या, फिजीच्या, हवाईच्या आणि माओरी लोकांनी आपापसात घालायला छापलेल्या शर्टांबद्दल. त्यावरचा विनोद बाहेरच्याला निम्माच कळतो, आणि छापणाऱ्यालाही तेच हवं असतं. मी दक्षिण ऑकलंडमध्ये राहते, शेजार सगळा सामोअन आणि टोंगन. त्यामुळे हे शर्ट रोज दिसतात आणि हळूहळू वाचताही यायला लागलेत.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय यातला विनोद पोचत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना हात कमी पडत होते, म्हणून बेटांवरून माणसं आली. १९७३ नंतर मंदी आली आणि तीच माणसं डोळ्यांत खुपायला लागली. १९७४ ते १९७६ या काळात पोलिसांनी पहाटे घरात घुसून, झोपेतून उठवून लोकांचे परवाने तपासले. याला तिकडे ‘डॉन रेड्स’ म्हणजे पहाटेचे छापे म्हणतात. पुढे १९८५-८६ च्या पाहणीत काय दिसलं ते बघा. व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्यांमध्ये बेटांवरचे लोक साधारण एक तृतीयांश होते, पण खटले भरले गेले त्यात त्यांचा वाटा ८६ टक्के. ब्रिटन आणि अमेरिकेतून आलेलेही जवळपास एक तृतीयांश होते, त्यांच्यावरचे खटले मात्र ५ टक्के.

आता १९९९ मध्ये या. दक्षिण ऑकलंडच्या पापाटोएटोए या उपनगरात दोन तरुणांनी हिपहॉपची संगीत कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘डॉन रेड एंटरटेनमेंट’. भांडवल कुठून आणलं? शेजारच्या ओटारा उपनगरातल्या शनिवारच्या बाजारात टी-शर्ट विकून. ज्या शब्दानं आईवडिलांची झोप उडायची तो शब्द पोरांनी छातीवर छापला आणि त्याच पैशातून गाणी काढली.

याच बाजारात सिलिंगा डेव्हिड सेटोंगा या सामोअन वंशाच्या कलाकारानं ‘पोपोहार्डवेअर’ नावानं शर्ट विकायला सुरुवात केली. पोपो म्हणजे पिकलेला नारळ, आणि ‘कोकोनट’ ही बेटांवरच्या लोकांना न्यूझीलंडमध्ये दिली जाणारी शिवी. नाव कुठून आलं ते कळलं असेल. सगळ्यांच्या ओळखीच्या मालाची वेष्टनं घ्यायची, रंग-अक्षरं तशीच ठेवायची आणि मजकूर सामोअन घरातला घालायचा, ही या शर्टांची एक लाडकी रीत. दुरून बघणाऱ्याला वाटतं, जाहिरात असेल. जवळ आलेल्या सामोअनला मात्र तिथेच हसू फुटतं.

हे सगळं शर्टावरच का, हा माझा खरा मुद्दा. सामोअन घरात ‘फाआलोआलो’ म्हणजे आदर हा पहिला धडा. मोठ्यांसमोर पोरांनी बोलायचं नाही, उभं राहून बोलायचं नाही, पुढून जाताना वाकून ‘तुलोऊ’, म्हणजे माफ करा, म्हणायचं. टोंगातही तसंच, आणि तिथे बहीण-भावांमध्ये तर मर्यादा फारच कडक. मग चेष्टा करायची कुणी आणि कशी? सामोआत त्यासाठी जुनी सोय आहे, ‘फालेआइतु’. म्हणजे भुतांचं घर. या प्रहसनात नट गावच्या प्रमुखाची, पाद्र्याची, गोऱ्या साहेबाची यथेच्छ टर उडवतो, कारण बोलतंय ते भूत, नट नव्हे. रोटुमा बेटावर लग्नात एका बाईला विदूषकाचा मान मिळतो. ती त्या दिवशी गावप्रमुखालाही उन्हात नाचायला लावू शकते.

मला वाटतं टी-शर्टानं हीच जागा घेतली आहे. रविवारी चर्चमध्ये गप्प बसणारा मुलगा शनिवारी बाजारात आईच्या चपलेचा मार, तासभर उशिरा सुरू होणारे समारंभ, पाद्र्याचं लांबलेलं प्रवचन, कॉर्न्ड बीफचा डबा हे सगळं छातीवर घेऊन फिरतो. आईसुद्धा हसते. तो काही बोललेलाच नसतो.

डब्याबद्दल दोन ओळी. डबाबंद गोमांसाला सामोअनमध्ये ‘पिसुपो’ म्हणतात. लग्न असो, मयत असो, आहेरात पिसुपोची खोकी येणारच. मिशेल टफरी या कलाकारानं १९९४ मध्ये असे डबे चपटे करून, रिव्हेट मारून अख्खा बैल उभा केला. तो वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. या डब्यांनी बेटांवरच्या लोकांचा रक्तदाब आणि रक्तातली साखर दोन्ही बिघडवली, आणि तरी डबा म्हणजे घर, माया, पाहुणचार. शर्टावर डबा छापलेला असतो तेव्हा त्यात हे सगळं आलेलं असतं.

दुसरा मोठा प्रकार आकड्यांचा. ६८५ म्हणजे सामोआ, ६७६ टोंगा, ६७९ फिजी, ६८३ नीउए. हे देशांचे टेलिफोन क्रमांक. नीउए बेटावर आज २ हजारांहूनही कमी लोक राहतात आणि न्यूझीलंडमध्ये नीउएचे ३० हजारांहून जास्त आहेत. गाव म्हणजे फोनच्या पलीकडचा आवाज, असं ज्यांच्या दोन पिढ्यांचं झालं त्यांनी तो आकडा अंगावर घातला. मग ऑकलंडमध्ये वाढलेल्यांनी आपल्या वस्तीचे आकडेही छापले, ओटाराचा २७४, मांगेरेचा २७५.

आणि कुटुंबाचे शर्ट! मेळावा असला की घराण्याचं नाव, मूळ गाव, आजी-आजोबांचा फोटो, मागे सगळ्या शाखांची नावं. कोण कुठल्या शाखेचा ते रंगावरून कळतं. मयतीलाही गेलेल्या माणसाचा चेहरा छापलेले शर्ट निघतात. टोंगन माणूस त्या शर्टावरच कमरेला ‘ताओवाला’ ही विणलेली चटई गुंडाळतो.

तुमच्यापैकी कुणी हवाई, फिजी, ताहिती पाहिलं असेल तर लिहा. मला न्यूझीलंडचीच बाजू जवळून माहीत आहे.

चौकस

लेख आवडला, पण एक शंका आहे. टी-शर्ट अमेरिकन नौदलातून आलेला, कापड बाहेरून, शिलाई बाहेरून, इंग्रजी अक्षरं. यात बेटांची संस्कृती ती किती? टापाचं कापड, गोंदण, चटया हे त्यांचं खरं. शर्ट तर सगळं जगच घालतं.

दर्यावर्दी

चौकस, प्रश्न रास्त आहे. मी व्यापारी जहाजांवर होतो, टोंगाचं नुकुआलोफा, सामोआचं आपिया, फिजीचं सुवा ही बंदरं पाहिली आहेत. तुम्ही टापाचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरू करतो.

टापा म्हणजे कागदी तुतीच्या सालीचं कापड. टोंगात न्गातु, सामोआत सिआपो, फिजीत मासी, हवाईत कापा. बायका एकत्र बसून साल ठोकतात, तो ठोक्यांचा आवाज गावभर ऐकू येतो. आपल्याला वाटतं यावर फक्त प्राचीन नक्षी असणार. टोंगाचं न्गातु बघा. नुकुआलोफात राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नॉरफोक पाइनची झाडं आहेत. ती रांग न्गातुवर आली, आणि शेजारी अक्षरांत तिचं नावही लिहिलं गेलं, ‘हाला पाइनी’. राजमुद्रेतला सिंह आला, मुकुट आला. हॅलेचा धूमकेतू आला, ग्रामोफोन आला. दुसऱ्या महायुद्धात राणी सालोतेच्या काळात टोंगन लोकांनी पैसे जमवून ब्रिटनला स्पिटफायर विमानं दिली, तर न्गातुवर विमानं उमटली.

सांगायचं एवढंच की ताजी बातमी, चित्र आणि अक्षर कापडावर उमटवायची सवय तिथे टी-शर्टाच्या आधीपासून आहे. शिवाय न्गातुची नक्षी ठशावरून घासून उमटवतात. त्या ठशाला कुपेसी म्हणतात. म्हणजे एकाच ठशावरून अनेक प्रती काढणं हेही नवं नाही.

जाता जाता, टोंगात पुरुषानं सार्वजनिक ठिकाणी उघड्या अंगानं फिरणं आजही कायद्यानं गुन्हा आहे. आमच्या खलाशांना बंदरात उतरण्यापूर्वी हे बजावून सांगावं लागायचं.

सागरवेडी

दर्यावर्दी, कुपेसीचा मुद्दा फारच छान. त्याला जोडून सांगते. १९ व्या शतकात मिशनरी आले तेव्हा ‘तिपुता’ नावाचं टापाचं वस्त्र ताहितीकडून सामोआत पसरलं. मध्ये डोकं घालायला भोक, पुढे-मागे कापड. नव्या धर्मात आलेल्याची ती ओळख होती. म्हणजे वरच्या अंगावर काय घातलंय यावरून माणूस कुठल्या बाजूचा हे ओळखणं, हे तिथे दीडशे-दोनशे वर्षं चालू आहे.

आणि माऊ चळवळ. १९२० च्या दशकात सामोआवर न्यूझीलंडची सत्ता होती. तिच्याविरुद्ध ‘सामोआ मो सामोआ’, सामोआ सामोअनांचा, म्हणत लोक उभे राहिले. त्यांचा गणवेश होता पांढऱ्या पट्टीची गडद निळी लावालावा, म्हणजे लुंगी. २८ डिसेंबर १९२९ ला आपियात निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे मारले गेले. आज ‘सामोआ मो सामोआ’ टी-शर्टावर छापलेलं दिसतं. ते घालणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला त्या निळ्या लुंगीची गोष्ट आजीकडून ठाऊक असते.

शाईवाला

माझा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे, इचलकरंजीत. त्यामुळे धंद्याच्या बाजूनं बोलतो.

असे शर्ट वस्तीतूनच का निघतात याचं कारण यंत्रात आहे. स्क्रीन प्रिंटिंगला गॅरेज पुरतं. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, त्यावर ताणलेली जाळी, वर इमल्शन, मग फिल्म ठेवून उजेड द्यायचा. जिथे उजेड लागत नाही तिथलं इमल्शन पाण्यानं निघून जातं आणि तिथूनच शाई खाली उतरते. स्क्वीजी ओढली की छाप तयार. प्लास्टिसोल शाई असेल तर १६० अंशांच्या आसपास तापवून पक्की करायची. ती नीट शिजली नाही तर दोन धुण्यांत पापुद्रे सुटतात.

प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. म्हणून कमी पैशातला माणूस एक किंवा दोन रंगांत भागवतो, जाड अक्षरं, भरीव चित्र. ओळखीच्या वेष्टनाची नक्कल याला एकदम चपखल बसते, कारण वेष्टनं आधीच दोन-तीन रंगांची आणि ठसठशीत असतात. विनोदाची शैली खर्चातूनही ठरते हे माझं अनुभवाचं मत.

हल्ली डीटीएफ आलंय. फिल्मवर छापायचं आणि गरम दाबानं कापडावर चिकटवायचं. एक शर्टसुद्धा परवडतो. मेळाव्याच्या शर्टावर आजोबांचा रंगीत फोटो येतो तो त्यामुळे. पण हाताला रबरासारखा लागतो. टिकाऊपणात माझी पसंती अजून जाळीलाच.

सागरवेडी, तिकडे शर्ट जाड असतात का हो? फोटोत अंगाला मोठे वाटतात.

सागरवेडी

हो, जाड आणि ढगळ. मापंही मोठी, तीन-चार-पाच एक्सएल सहज मिळतात. बाजारातल्या स्टॉलवर ही मापं पुढे लटकवलेली असतात, मागे कोपऱ्यात ढकललेली नाहीत. मॉलमध्ये ज्याला आपल्या मापाचं काही मिळत नाही तो इथे हक्कानं निवडतो. आपलेपणा यातही आला.

कुसुंबी

मला यातली एक गोष्ट पटत नाही. शिवी छातीवर छापली म्हणून तिचा काटा निघतो का? ‘फ्रेश ऑफ द बोट’, म्हणजे नुकताच बोटीतून उतरलेला, या शिवीचं ‘फॉब’ करून पोरं मिरवतात. ज्या बाईला १९७६ मध्ये पहाटे तीनला लहान मुलांसमोर कपड्यांच्या कपाटातून ओढून काढलं असेल तिला नातवाच्या अंगावर ते बघून काय वाटेल? हसण्याचा हक्क भोगणाऱ्याचा. तिसऱ्या पिढीनं तो परस्पर वापरू नये.

सागरवेडी

कुसुंबी, हा वाद तिथल्या घराघरात आहे. माझ्या शेजारच्या सामोअन आजींना असले शर्ट मुळीच आवडत नाहीत. त्या म्हणतात, आम्ही बोटीनं नाही, विमानानं आलो आणि बोलावलं म्हणून आलो. त्यांची नात तोच शर्ट घालते. तिचं म्हणणं, शाळेत मला हे ऐकवलं जातं ते आजही, मग मी कुणाची परवानगी घेऊ? मला नातीचं जास्त पटतं. तिलाही ते सोसावं लागलं आहे. पण आजी घरात असल्या की तीही तो शर्ट घालत नाही, आणि मला ते बरोबर वाटतं.

तुम्ही कपाटाचं लिहिलंत म्हणून आणखी एक. १ ऑगस्ट २०२१ ला ऑकलंड टाउन हॉलमध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी डॉन रेड्सबद्दल सरकारच्या वतीनं माफी मागितली. ‘इफोंगा’ या सामोअन रिवाजाप्रमाणे त्या खाली बसल्या आणि त्यांच्यावर मोठी तलम चटई पांघरली गेली. मग ती उचलून त्यांना मोकळं केलं गेलं. ही माफी मागा म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं त्यांत पॉलिनेशियन पँथर्स होते. १९७१ मध्ये पॉन्सन्बीत विशीच्या आसपासच्या पोरांनी काढलेली ही संघटना. ते आता आजोबा झालेत, आणि शाळांत बोलायला जातात तेव्हा पँथरचा काळा शर्टच अंगावर असतो.

कुसुंबी

आजीसमोर घालत नाही हे वाचून बरं वाटलं. माझं मत बदललं नाही, पण नातीची बाजू आता समजते.

नभांगण

या विषयात पुण्याचा एक थेट धागा आहे, आणि तो आपल्याला अवघड वाटायला हवा असा आहे.

हवाईच्या बिग आयलंडवर माउना केआ हा सुमारे ४,२०० मीटर उंचीचा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. खगोलशास्त्राला पृथ्वीवर मिळणाऱ्या सर्वोत्तम जागांपैकी एक, आणि हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी अत्यंत पवित्र. तिथे थर्टी मीटर टेलिस्कोप उभारायचं ठरलं. भारत यात भागीदार आहे. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, आणि सहभागी खगोलशास्त्र संस्थांमध्ये बंगळुरूची आयआयए, नैनितालची एरीज आणि पुण्याची आयुका आहे.

जुलै २०१९ मध्ये बांधकामाची यंत्रं वर जाणार होती. लोक रस्त्यात बसले. १७ जुलैला ३० हून जास्त वडीलधाऱ्यांना अटक झाली, त्यातले काही व्हीलचेअरवर होते. त्या सगळ्या फोटोंत शर्ट दिसतात, ‘कू किआई माउना’, पर्वताच्या रक्षकांनो उभे राहा. बऱ्याच शर्टांवर हवाईचा झेंडा उलटा. उलटा झेंडा म्हणजे देश संकटात असल्याची खूण. त्यांच्या लेखी देश १७ जानेवारी १८९३ पासून संकटात आहे, कारण त्या दिवशी अमेरिकन व्यापाऱ्यांच्या गटानं राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. त्या काळात हवाईयन बायकांनी झेंड्याच्या नक्षीच्या गोधड्या शिवल्या. खांबावरून उतरवलेला झेंडा घरात पांघरुणावर राहिला.

मी दुर्बिणीच्या बाजूचा माणूस. तीस मीटरच्या आरशातून काय काय दिसेल याची स्वप्नं मी पाहिली आहेत. पण आपल्या कराच्या पैशाचा भाग असलेल्या प्रकल्पाविरुद्ध ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा रस्त्यात बसतात, तेव्हा त्यांच्या छातीवर काय लिहिलंय ते वाचणं आपलं कर्तव्य आहे. मराठी वर्तमानपत्रांत दुर्बिणीवर रकानेच्या रकाने आले. शर्टावरच्या मजकुराबद्दल मी तरी काही वाचलं नाही. २०२२ मध्ये हवाई राज्यानं पर्वताच्या देखरेखीसाठी नवं प्राधिकरण करणारा कायदा केला, त्यात मूळ हवाईयनांना जागा आहेत. रस्त्यात बसल्याचा एवढा तरी परिणाम झाला.

चौकस

नभांगण, हे माहीत नव्हतं. आणि दर्यावर्दी, टापाचं उत्तर मान्य. माझी शंका फिटली.

रेवाकाठ

आम्ही सुवात बरीच वर्षं होतो, यजमानांची नोकरी होती. फिजीचं लिहिते.

तिथे भारतीय वंशाचे लोक आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, ६० हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर नेली. पुढे १९८७ च्या दोन सत्तापालटांनंतर त्यांच्यातले कितीतरी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला गेले. या लोकांची पंचाईत अशी की सिडनीत त्यांना भारतीय समजतात, भारतीय त्यांना परके समजतात, आणि फिजीत ‘फिजियन’ हा शब्दच कितीतरी काळ फक्त मूळ रहिवाशांचा होता. सगळ्या नागरिकांसाठी तो अलीकडे, २०१० नंतर लागू झाला. अशा माणसानं ६७९ चा शर्ट घातला की तो तीनही बाजूंना एकदम उत्तर देतो.

११ ऑगस्ट २०१६ चा दिवस सांगते. रिओत रग्बी सेव्हन्सच्या अंतिम सामन्यात फिजीनं ब्रिटनला ४३-७ हरवलं. देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक, आणि तेही सोन्याचं. त्या दिवसांत फिकट निळा आणि पांढरा सोडून दुसरा रंग रस्त्यावर दिसत नव्हता. गुजराती दुकानदार, आय-तौकेई (मूळ फिजियन) भाजीवाली, चिनी बेकरीवाला, सगळ्यांच्या अंगावर तोच शर्ट. सरकारनं पुढे सात डॉलरची खास नोट काढली! वंशावरून सरकारं उलथलेल्या देशात हे दृश्य बघताना मला भरून आलं होतं.

दर्यावर्दी

रेवाकाठ ताई, सात डॉलरची नोट माझ्याकडे आहे. 😊

खेळाचाच विषय निघालाय तर टोंगा विसरू नका. ११ नोव्हेंबर २०१७ ला हॅमिल्टनमध्ये टोंगानं रग्बी लीग विश्वचषकात न्यूझीलंडला २८-२२ हरवलं. जेसन तौमालोलोसारखा खेळाडू न्यूझीलंड सोडून कमी पैशात टोंगासाठी खेळायला गेला होता. लाल शर्ट, लाल झेंडे, मोटारींच्या रांगा. २०२२ मध्ये तीच गत सामोआची, निळ्या रंगात. उपांत्य फेरीत इंग्लंडवर २७-२६, एका गुणानं.

मीनल७

खूप छान चर्चा. माझा प्रश्न साधा आहे. पुढच्या वर्षी न्यूझीलंडला जाणार आहोत. असा शर्ट आपण विकत घेऊन घालावा का? की ते आगाऊपणाचं होईल?

सागरवेडी

मीनल, बेटाच्या नावाचा, संघाचा, गमतीचा शर्ट खुशाल घ्या. विकणाऱ्याला आनंदच होतो. फक्त दोन प्रकारांपासून लांब राहा. शिवीवर बेतलेला शर्ट बाहेरच्यानं घालू नये, तो घरच्यांचा आहे. आणि गोंदणाची पूर्ण नक्षी अंगभर छापलेली असेल तर नको. सामोअन ‘पेआ’ कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतं, ते पुरुषाचं. वेदना सोसून, घराण्याच्या साक्षीनं मिळवायचं असतं. २०१३ मध्ये नाइकीनं बायकांच्या व्यायामाच्या कपड्यांवर त्या नक्षीचा वापर केला होता. इतका निषेध झाला की कंपनीला माल मागे घ्यावा लागला.

परकेच असं करतात असंही नाही. त्याच सुमारास फिजीच्या राष्ट्रीय विमान कंपनीनं नव्या बोधचिन्हासाठी मासीच्या १५ नक्ष्या स्वतःच्या नावावर नोंदवायचा अर्ज केला. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी घडवलेली नक्षी एका कंपनीची कशी होईल, असं लोकांनी विचारलं. मला तो प्रश्न अगदी योग्य वाटतो.

म्हणून घेताना शर्ट कुणी छापला ते विचारा. आपिया असो वा ऑकलंड, विमानतळावरचा शर्ट कुठूनही आलेला असू शकतो.

शाईवाला

हे मात्र आमच्याकडेही खरं. नक्षी कुणाची, छापतो कोण, पैसे कुणाला. माझ्याकडे कुणी बाहेरच्या देशाची पारंपरिक नक्षी घेऊन आलं तर यापुढे विचारीन.

नभांगण

राजकीय शर्टांत अणुचाचण्यांचं राहिलं. अमेरिकेनं मार्शल बेटांवर १९४६ ते १९५८ मध्ये ६७ स्फोट केले, फ्रान्सनं मोरुरोआ आणि फांगाताउफावर १९६६ ते १९९६ मध्ये १९३. बेटांवरच्या अण्वस्त्रविरोधी चळवळीची एक घोषणा फलकांवर आणि कपड्यांवर गाजली : सुरक्षित आहे ना, मग टोकियोत टाका, पॅरिसमध्ये चाचणी घ्या, वॉशिंग्टनमध्ये साठवा, आमचा प्रशांत अण्वस्त्रमुक्त राहू द्या. वाचणारा हसतो, आणि हसून झाल्यावर त्याला उत्तर सापडत नाही. सागरवेडींनी फालेआइतुबद्दल जे लिहिलं ते इथे तंतोतंत दिसतं.

आत्ताच्या पिढीची हवामानबदलाविरुद्धची घोषणा ‘आम्ही बुडत नाही, आम्ही लढतोय’. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅसिफिक क्लायमेट वॉरियर्स आपल्या होड्या घेऊन ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल या कोळसा बंदरात जहाजांच्या वाटेत उतरले होते. बुडणाऱ्या बेटांची कणव करणाऱ्या बातम्यांना त्यांनी दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं.

दर्यावर्दी

न्यूकॅसलला कोळसा भरायला आम्हीही जात असू. त्या बंदराचा आकार पाहिलेल्याला त्या होड्यांची छाती कळेल.

सागरवेडी

न्यूझीलंडमधलं एक ताजं घालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या १८४० च्या वायतांगी कराराचा अर्थ नव्यानं ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध माओरी लोकांचा मोर्चा उत्तर टोकापासून निघून वेलिंग्टनला पोचला. १९ तारखेला संसदेसमोर पोलिसांच्या अंदाजानं ४२ हजार लोक होते. ‘तोइतू ते तिरिती’, म्हणजे करार पाळा, असं लिहिलेले शर्ट सगळीकडे. माओरी तर होतेच, पण सामोअन, टोंगन आणि गोरे न्यूझीलंडरही त्याच शर्टात. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक संसदेत मोठ्या बहुमतानं पडलं.

मीनल, तुमच्या सहलीसाठी : ओटाराचा बाजार शनिवारी सकाळी असतो, लवकर जा, दुपारपर्यंत आवरतो. रोख पैसे जवळ ठेवा. वेलिंग्टनला ते पापा संग्रहालय चुकवू नका, तिथल्या पॅसिफिक संग्रहात सिआपो आणि न्गातुबरोबर टी-शर्टही जतन केले आहेत. सगळे एका वेळी मांडलेले नसतात, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फोटोंसह शोधता येतात. मार्चमध्ये येणार असाल तर पॉलिफेस्ट बघा. १९७६ मध्ये ओटाराच्या एका शाळेत सुरू झालेला हा शाळांचा नृत्यमहोत्सव आहे. मंचावर मुलं पारंपरिक वेषात असतात आणि प्रेक्षकांत त्यांचे आईवडील, काका, मावश्या शाळेचं नाव आणि त्या वर्षाचा आकडा छापलेल्या शर्टात.

मीनल७

मार्चचीच तिकिटं काढते. शाईवाला, तुमच्यासाठी जाळीवर छापलेला एक आणू का? माप कळवा.

शाईवाला

एक्सएल. आणि शक्य झालं तर छापणाऱ्याला विचारा, जाळी किती मेशची वापरतो.